गाण्याच्या पैशांतून उभे राहिलेले इस्पितळ

श्रोतेहो, इस्पितळ बांधायला दगड-विटा लागतात, पैसा लागतो. पण गाणे लागल्याचे कधी ऐकले आहे काय? इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी ते लागले.

हे शहर लोखंड-पितळेच्या कारागिरांचे. कामावर भाजणे, बोट चिरडणे हे नित्याचेच. 1765 साली डॉक्टर जॉन ॲश यांच्या पुढाकाराने वर्गणी सुरू झाली, समर लेनवर बांधकामही निघाले. आणि पैसे संपले! गावच्या शाळेची इमारत अर्ध्यावर अडते ना, तसेच झाले बघा. तेव्हा 1768 साली तीन दिवस संगीताचा जलसा भरवला आणि त्याची मिळकत इस्पितळाला दिली. तरीही दार उघडायला 1779 साल उजाडले. खाटा होत्या 40.

पुढे हा जलसा दर तीन वर्षांनी भरू लागला आणि 1912 पर्यंत चालला. मेंडेल्सन या थोर संगीतकाराने आपली ‘एलायजा’ ही रचना 1846 साली प्रथम इथेच सादर केली.

आता प्रश्न असा, की या इस्पितळात शिरत कोण होते? औषधपाणी फुकट खरे, पण वर्गणीदाराची चिठ्ठी लागे. म्हणजे तापाने फणफणलेल्या मजुराने आधी कुणा शेठजीचे दार ठोठवायचे! अपघाताचा रोगी तेवढा चिठ्ठीवाचून घेत. दात्यांचे मन मोठे होते, यात शंका नाही. पण हे हात पसरणे माणसाला लाजवणारे होते, असे मला वाटते. 1873 साली सॅम्पसन गॅमजी या शल्यवैद्याच्या खटपटीने कामगारच पुढे आले. एका शनिवारी जादा काम करून ती मजुरी ते शहरातल्या इस्पितळांना देऊ लागले. घेणारा आता देणाराही झाला.

1897 साली इस्पितळ स्टीलहाउस लेनवरील लाल विटांच्या नव्या इमारतीत गेले. तिथे क्ष-किरणांचे काम डॉक्टर जॉन हॉल-एडवर्ड्स पाहत. त्या किरणांपासून बचाव कसा करावा, हे तेव्हा नीट ठाऊक नव्हते. 1908 साली त्यांचा डावा हात कापावा लागला.

5 जुलै 1948 रोजी इंग्लंडात सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि हे इस्पितळही सरकारकडे आले. खर्च करातून होऊ लागला. ना चिठ्ठी, ना जलसा. 1990 नंतरच्या दशकात जुने इस्पितळ बंद झाले, आणि 1998 पासून त्याच लाल इमारतीत मुलांचे इस्पितळ आले.