साठ कार्डांची उदासी

उदासीचा अभ्यास करायचा तर उदास माणूस हवा, आणि तो प्रयोगशाळेत ठरल्या वेळी हजर होत नाही. त्यासाठी संमोहन करून पाहत. पण ते सगळ्यांवर सारखं चालत नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एमेट वेल्टनने त्यावर तोडगा काढला आणि १९६८ साली तो प्रसिद्ध केला. सामग्री एवढीच: साठ वाक्यांचा गठ्ठा.

एका कार्डावर एक वाक्य, तेही ‘मी’चं. आधी मनात वाचायचं, मग मोठ्याने. सुरुवात बेताची, म्हणजे आजचा दिवस बराही नाही आणि वाईटही नाही, अशा थाटाची. मग उतार लागतो: थकवा, हातून काही होत नाही, आता नुसतं पडून राहावं. तुलनेसाठी आणखी दोन गठ्ठे: आनंदाच्या गठ्ठ्यात याच्या उलट चढण. तिसऱ्यात कोरडी माहिती.

प्रयोगाला आलेला माणूस भोळा नसतो, संशोधकाला काय हवंय ते ताडून भिडेखातर तसाच वागतो, हे मानसशास्त्रज्ञ मार्टिन ऑर्नने १९६२मध्येच बजावलं होतं. वेल्टनने ते मनावर घेतलं. शंभर विद्यार्थिनींचे पाच गट केले आणि त्यांतल्या दोन गटांना चक्क सोंग घ्यायला सांगितलं. शिवाय ‘कसं वाटतंय?’ एवढ्यावर भागवलं नाही. शंभरापासून उलटे आकडे मिनिटभरात किती लिहून होतात, तेही मोजलं. उदास गटाचा हात मंद चालला. सोंगाने एवढं साधत नाही, असा त्याचा निष्कर्ष.

तो टिकला, पण ओरखड्यांसह. सोंग घेणाऱ्यांना नीट कल्पना दिली तर त्यांचेही निकाल तसेच येऊ शकतात, असा आक्षेप बुखवाल्ड, श्ट्राक आणि कॉयन यांनी १९८१मध्ये घेतला. दरम्यान मूड बदलण्याची इतर साधनं आली: संगीत, भेटवस्तू, चित्रपट. ‘द चॅम्प’ या १९७९च्या चित्रपटात मुष्टियोद्धा बाप मरतो आणि पोरगा हंबरडा फोडतो; ती जेमतेम तीन मिनिटं संशोधकांचं हुकमी हत्यार झाली. अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा १९९६मध्ये निघाला, त्यात चित्रपट आणि गोष्टीच सरस ठरल्या. आनंदापेक्षा दुःख आणणं सोपं, हेही दिसलं. मात्र ‘या मूडमध्ये या’ असं सांगितलं की परिणाम वाढतो आणि तोंडी कबुलीऐवजी वागणूक मोजली की घटतो. ही गोम महत्त्वाची.

मूड खरोखर बदलतो, पण थोडा, थोडाच वेळ, आणि त्यात भिडेची भेसळ असते. तेवढ्यावरून नैराश्याच्या आजाराबद्दल बोलणं मला पटत नाही.