सातवी अनुसूची (भारतीय संविधान)

सातवी अनुसूची हा भारतीय संविधानाचा एक भाग असून केंद्र व राज्ये यांच्यातील कायदे करण्याच्या अधिकारांची वाटणी तिच्यात केलेली आहे. ही अनुसूची अनुच्छेद २४६ शी संलग्न आहे. तिच्यात संघ सूची, राज्य सूची आणि समवर्ती सूची अशा तीन सूच्या आहेत. एखाद्या विषयावर कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे की राज्याच्या विधिमंडळाला, हे प्रामुख्याने या सूच्यांवरून ठरते. कार्यकारी अधिकारांच्या मर्यादाही (अनुच्छेद ७३ व १६२) सर्वसाधारणपणे याच वाटणीला अनुसरतात.

पार्श्वभूमी

ब्रिटिश संसदेच्या भारत सरकार कायदा, १९३५ मध्ये विषयांच्या तीन सूच्या होत्या. संघीय सूचीत ५९, प्रांतिक सूचीत ५४ आणि समवर्ती सूचीत ३६ नोंदी होत्या. सूच्यांत न आलेल्या विषयांचा निर्णय गव्हर्नर जनरलकडे होता. संविधान सभेने हाच आराखडा पुढे नेला. कॅबिनेट मिशनच्या योजनेत मर्यादित अधिकारांचे केंद्र अभिप्रेत होते. मात्र जून १९४७ मध्ये फाळणी निश्चित झाल्यावर सभेचा कल प्रबळ केंद्राकडे वळला. तरीही अधिकारांची ही वाटणी खुद्द संविधानानेच केली असल्याने राज्ये आपल्या अधिकारांसाठी केंद्रावर अवलंबून नाहीत, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजीच्या भाषणात स्पष्ट केले.

तीन सूच्या

संविधान लागू झाले तेव्हा संघ सूचीत ९७, राज्य सूचीत ६६ व समवर्ती सूचीत ४७ नोंदी होत्या. पुढील घटनादुरुस्त्यांनी काही नोंदी वगळल्या गेल्या, तर काही नव्याने घातल्या गेल्या.

संघ सूची: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, अणुऊर्जा, रेल्वे, चलन, बँकिंग, टपाल, जनगणना इत्यादी.

राज्य सूची: सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य संस्था, शेती, जमीन, मद्य इत्यादी.

समवर्ती सूची: फौजदारी कायदा, विवाह, शिक्षण, वने, वीज, कामगार संघटना इत्यादी. या विषयांवर संसद व विधिमंडळ दोघांनाही कायदे करता येतात.

कोणत्याही सूचीत न बसणारे विषय, म्हणजेच शेषाधिकार, अनुच्छेद २४८ नुसार संसदेकडे आहेत.

कायद्यांतील विसंगती

समवर्ती विषयावरील राज्याचा कायदा केंद्रीय कायद्याशी विसंगत असल्यास, अनुच्छेद २५४ नुसार केंद्रीय कायदा वरचढ ठरतो. राज्याचा कायदा राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवला गेला व त्याला त्यांची संमती मिळाली, तर तो त्या राज्यापुरता चालतो. परंतु नंतर कायदा करून संसद तोही बदलू अथवा रद्द करू शकते.

कायदा नेमका कोणत्या सूचीतील विषयाचा आहे याबद्दल वाद उद्भवल्यास न्यायालय त्याचा मूळ गाभा पाहते. मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा (१९५१) या खटल्यात मुंबई प्रांताच्या दारूबंदी कायद्याचा संबंध आयातीच्या केंद्रीय विषयाशी येतो, असा आक्षेप होता. १९३५ च्या सूच्यांच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कायद्याचा गाभा प्रांताच्या विषयात असेल, तर दुसऱ्या सूचीला झालेल्या आनुषंगिक स्पर्शाने तो अवैध ठरत नाही, हे तत्त्व त्यात लागू केले गेले. महाराष्ट्राच्या मोक्का कायद्यातील (१९९९) दूरध्वनी संभाषण टिपण्याच्या तरतुदीही सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये राज्याच्या अधिकारातील मानल्या.

राज्य सूचीवर संसदेचा अधिकार

पुढील परिस्थितींत संसद राज्य सूचीतील विषयांवर कायदा करू शकते :

• राज्यसभेने उपस्थित व मतदान करणाऱ्या सदस्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने राष्ट्रहितार्थ ठराव केल्यास (अनुच्छेद २४९)
• आणीबाणी लागू असताना (अनुच्छेद २५०)
• दोन किंवा अधिक राज्यांनी तशी मागणी केल्यास (अनुच्छेद २५२). वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच मार्गाने झाला
• आंतरराष्ट्रीय करारांच्या अंमलबजावणीसाठी (अनुच्छेद २५३)

महत्त्वाचे बदल

सातव्या अनुसूचीतील सूच्या बदलण्यासाठी संसदेच्या विशेष बहुमताबरोबरच किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचे अनुसमर्थन आवश्यक असते (अनुच्छेद ३६८). आणीबाणीच्या काळात झालेल्या ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) शिक्षण, वने, वन्य प्राणी व पक्षी यांचे संरक्षण हे विषय राज्य सूचीतून समवर्ती सूचीत नेले. शिक्षण राज्यांकडे परत द्यावे की नाही, हा वाद आजही चालू आहे.

१०१ व्या घटनादुरुस्तीने (२०१६) अनुच्छेद २४६-अ घालून वस्तू व सेवा कराबाबत केंद्र व राज्यांना एकाच वेळी अधिकार दिले. त्याच वेळी स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरील कराची, म्हणजे जकातीची, राज्य सूचीतील ५२ वी नोंद वगळण्यात आली. परिणामी १ जुलै २०१७ पासून मुंबई महानगरपालिकेची जकात बंद झाली व त्या उत्पन्नाची भरपाई राज्य शासनाकडून देण्यासाठी महाराष्ट्राला स्वतंत्र कायदा करावा लागला. वस्तू व सेवा कर परिषदेच्या शिफारशी संसद व विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला.

वादाचे विषय

२०२० मधील तीन कृषी कायद्यांच्या वेळी वाटणीचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. शेती व बाजार हे राज्यांचे विषय असल्याचा आक्षेप घेतला गेला, तर खाद्यपदार्थांच्या व्यापाराविषयीच्या समवर्ती सूचीतील ३३ व्या नोंदीचा आधार केंद्राच्या बाजूने दिला गेला. हे कायदे २०२१ मध्ये मागे घेण्यात आले.

अधिकार आणि पैसा यांचा मेळ हाही जुना प्रश्न आहे. आरोग्य, पोलीस, शेती अशा खर्चिक जबाबदाऱ्या राज्यांकडे आहेत, तर प्राप्तिकर व कंपनीकर यांसारखे मोठे कर केंद्र आकारते. ही तफावत कमी करण्यासाठी वित्त आयोग (अनुच्छेद २८०) विभाज्य करांतील राज्यांचा वाटा सुचवतो. चौदाव्या आयोगाने ४२ टक्के, तर पंधराव्या आयोगाने ४१ टक्के वाटा सुचवला. उपकर व अधिभार विभाज्य निधीत येत नसल्याने त्यांच्या वाढत्या वापरावर अनेक राज्ये आक्षेप घेतात.