वुड्रो प्रकरण आणि बायबलच्या प्रामाण्याचा प्रश्न

डार्विनचा 'ऑरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाल्यानंतर ख्रिस्ती जगात जो वाद उसळला, त्याचे वर्णन विज्ञान आणि धर्म यांच्यातील युद्ध असे करण्याची प्रथा आहे. जॉन विल्यम ड्रेपर यांच्या १८७४ च्या व अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांच्या १८९६ च्या ग्रंथांनी ही कल्पना रूढ केली. तिच्यानुसार बायबलचे शब्दप्रामाण्य मानणारे एका बाजूस उभे राहतात आणि उत्क्रांतिवाद स्वीकारणारे दुसऱ्या बाजूस. अमेरिकेच्या दक्षिण भागातील प्रेसबिटेरियन मंडळीत १८८४ ते १८८८ या काळात गाजलेले जेम्स वुड्रो यांचे प्रकरण मात्र या विभागणीत बसत नाही. तेथे आरोपी व आक्षेपक या दोघांचीही बायबलच्या संपूर्ण सत्यतेवर सारखीच निष्ठा होती. असे असता वाद नेमका कशाविषयी होता, हा प्रश्न विचारार्ह आहे.

दक्षिण कॅरोलायनातील कोलंबिया येथील धर्मविद्यालयात १८५९ साली एका देणगीतून 'प्रकटीकरणाशी संबद्ध निसर्गविज्ञान' या विषयाचे अध्यासन स्थापन झाले. विज्ञानाच्या नावाखाली धर्मश्रद्धेवर होणाऱ्या हल्ल्यांचा प्रतिकार करावा, हा त्यामागील हेतू होता. १८६१ मध्ये या पदावर आलेले वुड्रो हे हार्वर्ड येथे लुई अगासी यांच्या हाताखाली शिकलेले आणि १८५६ मध्ये हायडेलबर्गची डॉक्टरेट मिळविलेले विद्वान होते. अध्यापनाच्या ओघात त्यांनी आपल्या अध्यासनाच्या उद्दिष्टाची वेगळीच मांडणी केली. बायबल आणि विज्ञान यांचा मेळ घालीत बसणे त्यांना अनावश्यक वाटे. दोहोंचे विषय भिन्न असल्यामुळे त्यांच्यात विरोध नाही एवढे दाखविले की पुरे, अशी त्यांची भूमिका होती. व्हर्जिनियातील धर्मशास्त्रज्ञ रॉबर्ट डॅबनी यांच्याशी १८७३ मध्ये झालेल्या त्यांच्या वादात या मतभेदाची चाहूल लागली होती.

७ मे १८८४ रोजी वुड्रो यांनी विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांपुढे उत्क्रांतीवर व्याख्यान दिले. आदामाचे शरीर पूर्वीच्या प्राण्यांपासून क्रमाने उत्पन्न झाले असणे संभाव्य आहे, असे त्यांनी त्यात प्रतिपादिले. त्यांचा युक्तिवाद वैज्ञानिक होता तितकाच भाष्यात्मकही होता. 'उत्पत्ती'च्या पुस्तकात देवाने मनुष्य मातीपासून घडविला असे म्हटले आहे. पण त्याच पुस्तकात जिवंत आदामालाही माती म्हटले आहे, आणि सर्पाच्या वाट्याला आलेले अन्नही मातीच आहे. तेव्हा या शब्दाने निर्जीव धूळच अभिप्रेत आहे असे कसे म्हणावे? घडणीच्या रीतीविषयी ग्रंथ मौन पाळतो, आणि ते मौन भाष्यकाराने मोडू नये, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय. आत्म्याची निर्मिती त्यांनी साक्षात ईश्वराकडेच ठेवली. हव्वेच्या बाबतीत ग्रंथाचे शब्द अधिक स्पष्ट असल्यामुळे तेथे त्यांनी उत्क्रांतीचा आग्रह धरला नाही. शब्दांना इतके बांधून घेणारा मनुष्य शास्त्राचा अवमान करतो असे म्हणणे कठीण होते.

त्याच विद्यालयातील जॉन गिरार्डो यांनी वुड्रोंना विरोध केला. त्यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. वुड्रो यांचे मत बायबलच्या अंतिम अर्थाशी विसंगत आहे की नाही, हा निर्णय तूर्त बाजूस ठेवता येईल. पण वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्रात आणि मंडळीच्या परंपरेत बायबलचा जो अर्थ स्वीकृत झाला आहे, त्याच्याशी ते विसंगत आहे, आणि मंडळीच्या विद्यालयात त्या अर्थाविरुद्ध शिकविता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ग्रंथाचे प्रामाण्य दोघांनाही मान्य होते. स्वीकृत अर्थ बदलण्याचा अधिकार कोणाचा, हा खरा वादविषय होता.

पुढील घटनाक्रमही याच दृष्टीने वाचावा लागतो. १८८६ च्या ऑगस्टा येथील महासभेने आदामाचे शरीर कोणत्याही प्राणिज मातापित्यांवाचून ईश्वराने साक्षात घडविले, असा ठराव केला. त्याच वर्षी ऑगस्टा प्रेसबिटरीने वुड्रोंवरील पाखंडाच्या आरोपाची चौकशी करून त्यांना निर्दोष ठरविले. तथापि वर्ष संपण्यापूर्वीच त्यांना अध्यासनावरून दूर करण्यात आले. १८८८ च्या बाल्टिमोर महासभेतही निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. तरीही त्यांचे धर्मोपदेशकपद अबाधित राहिले. तो उपदेश करू शकत होता, परंतु भावी उपदेशकांना शिकवू शकत नव्हता, अशी ही विलक्षण स्थिती होती. १८९१ ते १८९७ या काळात ते साउथ कॅरोलायना कॉलेजचे अध्यक्ष होते.

उत्तरेकडील प्रिन्स्टनशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. चार्ल्स हॉज यांनी १८७४ मध्ये डार्विनवादाला निरीश्वरवाद ठरविले खरे. परंतु त्यांचा मुख्य आक्षेप सृष्टीतील हेतूचा निषेध करण्यावर होता. पृथ्वीचे दीर्घ वय त्यांना मान्य होते. बायबल मूळ रूपात सर्वथा प्रमादरहित आहे, या सिद्धांताची प्रसिद्ध मांडणी १८८१ मध्ये ए. ए. हॉज यांच्यासह करणारे बी. बी. वॉरफिल्ड यांनी ईश्वरी नियंत्रणाखालील उत्क्रांतीला श्रद्धेत जागा असू शकते असे मानले. ते स्वतः ती कितपत स्वीकारीत होते याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांच्यावर खटला झाला नाही. त्याच उत्तरेकडील मंडळीने १८९३ मध्ये चार्ल्स ब्रिग्ज यांना निलंबित केले, ते मात्र बायबलच्या प्रमादरहिततेला आव्हान दिल्यामुळे.

दक्षिणेतील कठोरतेची मुळे तिच्या इतिहासात शोधावी लागतात. याच कोलंबिया विद्यालयातील जेम्स थॉर्नवेल यांच्यासारख्या पंडितांनी गुलामगिरीचे समर्थन बायबलमधील वचनांच्या सरळ अर्थावर उभारले होते. शब्दापेक्षा आशय श्रेष्ठ, ही भूमिका गुलामगिरीच्या विरोधकांची होती. पराभवानंतर सरळ अर्थापासून ढळणे ही त्या समाजाला केवळ भाष्याची बाब वाटली नसावी. वुड्रो स्वतः याच समाजातील व दक्षिणेच्या युद्धकार्यात रसायनज्ञ म्हणून राबलेले होते. पण त्या पुण्याईने त्यांचा बचाव झाला नाही.

दक्षिणेतील मंडळीने १९६९ मध्ये आपली जुनी भूमिका मागे घेतली आणि उत्क्रांती व बायबल यांत विरोध नसल्याचे मान्य केले. तत्पूर्वी आठच वर्षे, १९६१ साली, व्हिटकॉम्ब व मॉरिस यांच्या 'द जेनेसिस फ्लड' या ग्रंथाने तरुण पृथ्वीचा पक्ष नव्याने उभा केला होता. प्रमादरहित ग्रंथ म्हणजे उत्क्रांतीचा अपरिहार्य त्याग, हे समीकरण पुढे इतके दृढ झाले की ते मूळचेच आहे असे वाटू लागले. वुड्रो प्रकरण त्याचे उत्तरकालीनत्व दाखविते. ग्रंथाला प्रमाण मानण्याची प्रतिज्ञा एकच असली, तरी तिच्यातून निघणारे निर्णय अर्थ कोण लावतो आणि त्या अर्थाच्या आधारावर त्या समाजाने पूर्वी काय उभारले आहे, यांवर अवलंबून असतात. धर्मवादांचा इतिहास लिहिताना ग्रंथाइतकेच लक्ष या दुसऱ्या गोष्टीकडे देणे अवश्य आहे.