शब्द सर्वांचे, कोश कोणाचा?



शब्द जर सर्वांचे, तर शब्दकोश कोणाचा? मुक्त सॉफ्टवेअरबरोबर कोश जोडून देण्याची वेळ आली, तेव्हा हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. मी शाळा लवकर सुटलेला, कामगार संघटनेत वाढलेला माणूस. मला या इतिहासात श्रमाचा जुनाच प्रश्न दिसला, म्हणून तो आपणांपुढे मांडतो.

१९९१ साली दोन गोष्टी घडल्या. ऑस्ट्रेलियात जिम ब्रीन यांनी 'एडिक्ट' हा जपानी-इंग्रजी कोश संगणकासाठी रचावयास घेतला; देशोदेशींच्या लोकांनी त्यास मोबदल्याविना शब्द पुरविले. त्याच साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोनच्या यादीविषयी निकाल दिला, की नुसता घाम गाळून माहिती जमविल्याने स्वामित्वहक्क मिळत नाही. निवडीत वा मांडणीत स्वतःची काही कल्पकता हवी. पुढे १९९६ साली युरोपने माहितीसंग्रहास वेगळा हक्क दिला, पण तो भरीव गुंतवणूक करणाऱ्यास. म्हणजे एकीकडे घामास हक्क नाही, दुसरीकडे भांडवलास आहे!

कोशातील अर्थ कोणीतरी स्वतःच्या भाषेत लिहिलेले असतात, म्हणून कोशावर हक्क चालतो. परंतु शंभर जणांनी शब्द पुरविले असले, तरी तो हक्क बहुधा संपादकाच्या नावे लागतो. त्या शंभरांचे रक्षण करतो तो लेखी परवाना.

येथे 'मुक्त' म्हणजे केवळ फुकट नव्हे. वापरावे, बदलावे, वाटावे आणि विकावेही, अशी सर्वांस मोकळीक हवी. डेबियन या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाने १९९७ साली असे नियम लिहून काढले. आता ब्रीन यांच्या 'कांजीडिक' या दुसऱ्या संग्रहात जपानी लिपीतील चित्राक्षरे आकारावरून शोधण्याचे क्रमांक होते. ती पद्धत जॅक हाल्पर्न यांची. व्यापारी उपयोगास त्यांची परवानगी लागे. अट गैर नव्हती, बुद्धी त्यांची होती. पण अशा एका रकान्याने सबंध संग्रह त्या नियमांत बसेनासा होतो. पुढे हाल्पर्न यांनीच ते क्रमांक मोकळे केले.

ब्रीन यांनी २००० साली आपल्या कोशांचे हक्क मोनाश विद्यापीठातील कोशसंशोधन मंडळाकडे सोपविले. आज ते कोश क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली मिळतात : श्रेय द्या, आणि सुधारून वाटाल तर त्याच अटींवर वाटा.

एकदा एका कारखान्यात मालकाच्या तोंडी शब्दावर आम्ही संप मागे घेतला. महिन्याभरात तो शब्द फिरला, आणि आमच्या हाती कागद नव्हता. सभेत कामगारांना तोंड दाखविणे मला जड गेले. तो धडा मी विसरलो नाही.

आपल्याकडे मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीवरील स्वामित्व केव्हाच सरले आहे. ती कोणीही संगणकावर चढवावी. मात्र कोणी नवा कोश रचीत असेल आणि आपण त्यास चार शब्द देणार असाल, तर आधी परवाना मागून वाचा. शब्द सर्वांचे राहावेत असे वाटत असेल, तर तसे लिहून घ्यावे लागते.