सही म्हणजे काय?



बचत गटाची बैठक संपली की रजिस्टर फिरतं आणि आपण सगळ्या सही करतो. जिला ती नुकतीच जमायला लागली आहे, ती एकेक अक्षर जुळवत बसते आणि आपण कौतुकानं थांबतो. आज या ‘सही’ शब्दाचीच गोष्ट ऐकू या.

हा शब्द मूळचा अरबी. तिथे ‘सहीह’ म्हणजे धडधाकट, निर्दोष, खरं. हिंदीत तब्येतीला ‘सेहत’ म्हणतात, तो शब्दही याच कुळातला. अरबीतून तो फारसीत गेला आणि राजदरबाराच्या कागदांबरोबर आपल्याकडे आला. हिंदीत ‘सही’ म्हणजे बरोबर. तुर्की माणूस ‘साही मी?’ म्हणतो, म्हणजे ‘खरंच का?’ आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत ‘सहीही’ म्हणजे अचूक.

मराठी, गुजराती आणि कन्नडमध्ये मात्र सही म्हणजे कागदावर केलेलं नाव. हे कसं झालं? कागद तपासला, मजकूर खरा आहे, हे सांगायला त्यावर ‘सही’ असा शेरा मारत. पुढे त्या खुणेलाच सही म्हणू लागले. जुना अर्थ आपल्या ‘सहीसलामत’मध्ये अजून शिल्लक आहे.

ज्यांना लिहिता येत नव्हतं ते काय करत? जुन्या मराठी कागदांवर पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला दिसतो. त्याला निशाणी म्हणत. अंगठ्याची गोष्ट नंतरची. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा करारावर घेतला. हेतू हा, की पुढे त्यानं ‘ही सही माझी नव्हेच’ म्हणू नये. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांचे ठसे जपणारं सरकारी कार्यालयही निघालं. म्हणजे अंगठा देण्यात कमीपणा नाही. ती पक्की खूण आहे, आणि म्हणूनच ती देताना सहीइतकीच काळजी घ्यायला हवी.

त्याच बंगालीत सहीला ‘शोई’ म्हणतात, आणि मैत्रिणीलाही ‘शोई’च म्हणतात! शब्द दिसायला एक, पण घराणी दोन. सहीची ‘शोई’ अरबीतून आली, मैत्रिणीची ‘शोई’ संस्कृत ‘सखी’पासून. आपल्याकडेही तसंच होतं. मराठीच्या आधीची जी महाराष्ट्री प्राकृत, तिच्यात ‘सखी’चं रूप ‘सही’ असं होतं. सातवाहन राजा हाल याच्या ‘गाथासप्तशती’त बायका एकमेकींना हीच हाक मारतात. आपला ‘सई’ शब्द तिथूनच आला.

हे सगळं आज सांगायचं कारण आहे. आमच्या गटातली एक मैत्रीण दिवाळीला माहेरी गेली. भावानं कागद पुढे केला, “ताई, इथं फक्त सही कर.” तिनं विचारलं, “कशाचा कागद आहे?” तो हक्कसोडपत्राचा होता. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क मिळाला. तो सोडायचा की ठेवायचा, हे तिनं ठरवायचं. पण आधी कळायला तर हवं! ती म्हणाली, “वाचून सांगते.” भाऊ दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच कागद वाचून दाखवला.

तेव्हा मैत्रिणींनो, ‘फक्त सही’ असं काही नसतं. सही म्हणजे ‘हे खरं आहे, मला मान्य आहे’. अंगठ्याचाही अर्थ तोच. कागद स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर आपल्या एखाद्या सईला शेजारी बसवा, तिच्याकडून शब्दन् शब्द वाचून घ्या, आणि मगच पेन हातात धरा.