ऱ्होडेशियाच्या दहा जागा

दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासातल्या जर-तरच्या चर्चेत एक मत फार आत्मविश्वासाने मांडले जाते. २७ ऑक्टोबर १९२२ रोजी दक्षिण ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिंबाब्वेच्या) मतदारांनी, म्हणजे जवळजवळ केवळ गोऱ्यांनी, दक्षिण आफ्रिकेच्या युनियनमध्ये सामील होण्याचा प्रस्ताव ५,९८९ विरुद्ध ८,७७४ मतांनी फेटाळला. तो मान्य झाला असता तर केपपासून झांबेझीपर्यंत ब्रिटिश वळणाचे एक मोठे राष्ट्र उभे राहिले असते आणि वर्णभेदाची राजवट आलीच नसती, असे हे मत.

पूर्वपक्ष लेचापेचा नाही. पंतप्रधान स्मट्स यांनी ऱ्होडेशियाला संसदेत दहा जागा देऊ केल्या होत्या; पुढे त्या सतरापर्यंत वाढायच्या होत्या. १९४८ च्या निवडणुकीत वर्णभेदाची राजवट आणणाऱ्या मलान यांचा पक्ष आणि त्याचा साथीदार आफ्रिकानर पक्ष यांना मिळून १५३ पैकी ७९ जागा मिळाल्या. बाकी सगळ्यांच्या ७४. ऱ्होडेशियाचे इंग्रजी भाषक खासदार स्मट्स यांच्या बाजूला बसवले की पारडे फिरते. बेरीज बिनचूक आहे.

चूक आहे ती स्मट्स यांचा विजय म्हणजे वर्णभेदाचा पराभव, या गृहीतकात. आफ्रिकी लोकांना देशाच्या सुमारे ७ टक्के जमिनीत कोंडणारा १९१३ चा कायदा पंतप्रधान बोथा यांच्या मंत्रिमंडळाचा; स्मट्स त्यात होते. शहरांत आफ्रिकी वस्त्या वेगळ्या काढणारा १९२३ चा कायदा ते स्वतः पंतप्रधान असतानाचा. १९३६ मध्ये केप प्रांतातल्या आफ्रिकी मतदारांना सामाईक यादीतून काढले, तेव्हा विरोधात अवघी ११ मते पडली आणि त्यांत स्मट्स यांचे नव्हते. १९४६ च्या कायद्याने नाताळ आणि ट्रान्सवालमधल्या भारतीयांच्या जमीनखरेदीवर बंधने घातली. त्याच्या निषेधार्थ भारताने व्यापार तोडला आणि आपले उच्चायुक्त, वऱ्हाडचे रामराव देशमुख, यांना परत बोलावले. तेव्हाही पंतप्रधान स्मट्सच होते. आफ्रिकी लोक शहरांत कायमचे राहणार, हे वास्तव त्यांनी नेमलेल्या फेगन आयोगाने १९४८ मध्ये स्वीकारले, हे खरे. मलान यांच्यापेक्षा ती भूमिका सौम्य होती. पण सौम्य विषमता म्हणजे समता नव्हे.

दुसरे गृहीतक ऱ्होडेशियाच्या गोऱ्यांच्या उदारपणाचे. युनियनला नकार देताना त्यांना धास्ती होती ती आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीची आणि दक्षिणेतून येणाऱ्या गरीब गोऱ्यांच्या लोंढ्याची. त्या नकारानंतर अंतर्गत स्वराज्य मिळाले, तेव्हा त्यांनी काय केले? १९३० च्या जमीनवाटप कायद्याने लोकसंख्येत पाच टक्केही नसलेल्या गोऱ्यांसाठी सुमारे निम्मी जमीन राखून ठेवली. १९३४ च्या औद्योगिक कायद्याने कामगाराच्या व्याख्येतूनच आफ्रिकी माणसाला वगळले. यासाठी त्यांना कोणा मलानची गरज पडली नाही. हेच लोक केप टाऊनच्या संसदेत जाऊन वेगळे वागले असते, असे मानायला आधार काय?

उलट, सामिलीकरणाने एक मोठे नुकसान झाले असते. १९६५ मध्ये ऱ्होडेशियाचे पंतप्रधान इयान स्मिथ यांनी एकतर्फी स्वातंत्र्य पुकारले, ते बंड ठरले. कारण कायद्याच्या दृष्टीने ऱ्होडेशिया अजून ब्रिटिश वसाहत होती. संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध लादले ते याच आधारावर. आफ्रिकी गनिमांच्या लढ्याने स्मिथ यांना जेरीस आणले, तरी १९७९ मध्ये लंडनला लँकेस्टर हाऊसमध्ये बोलणी होऊ शकली ती ब्रिटनचा कायदेशीर हक्क शाबूत होता म्हणून. १९८० मध्ये झिंबाब्वे स्वतंत्र झाला.

युनियनमध्ये गेलेल्या प्रांताला ही वाट उरली नसती. १९४६ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांत तक्रार नेली, तेव्हा हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, असेच स्मट्स यांनी सांगितले होते. ऱ्होडेशियाची राजधानी सॅलिसबरी, तिथल्या आफ्रिकी जनतेलाही तेच उत्तर मिळाले असते आणि बहुधा वर्णभेद संपेपर्यंत, म्हणजे १९९४ पर्यंत, थांबावे लागले असते. १९२२ चा नकार गोऱ्यांनी आपल्या स्वार्थापोटी दिला. त्याचा फायदा मात्र अखेर ज्यांना जवळजवळ कोणी विचारलेच नव्हते त्यांना झाला.