कळलावी

कळलावी (शास्त्रीय नाव: ग्लोरिओसा सुपर्बा) ही कोल्चिकेसी कुलातील बहुवर्षायू कंदवर्गीय रानवेल आहे. तिला अग्निशिखा, खड्यानाग, वाघनखी व संस्कृतमध्ये लांगली, कलिहारी अशीही नावे आहेत. काही भागांत तिला बचनाग म्हणतात. मात्र हेच नाव हिमालयात वाढणाऱ्या वत्सनाभ या निराळ्या विषारी वनस्पतीलाही लावले जाते. त्यामुळे जुन्या औषधी नोंदी वाचताना कोणती वनस्पती अभिप्रेत आहे, हे तपासून घ्यावे लागते. कार्ल लिनियसने 1753 मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. ही वेल झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूल व तमिळनाडूचे राज्यफूल आहे.

आढळ व वर्णन

आफ्रिकेचा उष्ण प्रदेश, भारत, श्रीलंका व आग्नेय आशिया हे तिचे मूळ क्षेत्र होय. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या उतारांवर, कोकणातील कुंपणांत व विरळ झुडपी जंगलांत ती आढळते. मृगाच्या पावसाबरोबर कंदाला कोंब फुटतो, पानांच्या टोकांच्या ताणांनी वेल जवळच्या झुडपावर चढते आणि गणपतीच्या सुमारास फुलते. पावसाळा सरला की जमिनीवरचा सर्व भाग वाळून जातो व कंद पुढचे कोरडे महिने मातीत निद्रिस्त राहतो. तिची अवर्षण सोसण्याची क्षमता ती हीच: ती दुष्काळाशी झुंजत नाही, तो टळेपर्यंत जमिनीखाली थांबते.

फुलाच्या सहा पाकळ्या नागमोडी कडांच्या व मागे वळलेल्या असतात. त्या प्रथम हिरवट, मग पिवळ्या आणि शेवटी शेंदरी-लाल होतात, त्यामुळे एकाच वेलीवर सर्व छटा एकदम दिसतात. कोकणात गौरी सजवण्यासाठी, तसेच गोव्यात गणपतीपुढच्या माटोळीत ही फुले वापरतात.

लागवड

बियांपासून रोपे करता येतात, परंतु उगवण संथ व अनियमित असून फूल येण्यास तीन-चार वर्षे लागतात. म्हणून कंद लावणेच सोयीचे. कंद इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा, नांगराच्या फाळाची आठवण करून देणारा असतो (लांगली हे नाव त्यावरूनच आले). त्याच्या प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा असतो. ते टोक मोडले की तो फाटा उगवत नाही, त्यामुळे कंद काढताना व हाताळताना हीच मुख्य काळजी घ्यावी लागते.

पावसाच्या सुरुवातीस कंद आडवा ठेवून 6 ते 8 सेंटिमीटर खोल लावतात. माती वालुकामिश्रित व निचऱ्याची हवी. काळ्या चिकण जमिनीत पाणी साचून कंद कुजतो, आणि बागेत ही वेल बहुधा तहानेने नव्हे तर अतिपाण्यानेच मरते. कुंडी किमान 30 सेंटिमीटर खोल असावी. वेलीस काठी, तार किंवा एखादे काटक झुडूप आधाराला द्यावे. कोवळा शेंडा ठिसूळ असल्याने तो हाताने वळवू नये. पाने पिवळी पडू लागताच पाणी कमी करत पूर्ण थांबवावे. त्यानंतर कंद कोरड्या कुंडीत तसाच राहू द्यावा किंवा काढून कोरड्या वाळूत ठेवावा. उन्हाळ्यात दयेपोटी घातलेले पाणी त्याला घातकच ठरते.

पॉलिटेला ग्लोरिओसी या पतंगाच्या ठिपकेदार अळ्या पाने व फुले फस्त करतात. घरगुती बागेत त्या हातमोजे घालून वेचणे पुरेसे होते.

तमिळनाडूत बियांसाठी तिची व्यापारी शेती होते. फुलातील कुक्षिवृंत तळाशीच काटकोनात वळून परागकोशांपासून दूर जात असल्याने नैसर्गिक फलधारणा कमी होते. म्हणून तेथे रोज सकाळी हाताने परागण करण्याची पद्धत आहे.

विषारीपणा

वेलीचे सर्व भाग, विशेषतः कंद व बिया, कोल्चिसीनमुळे अत्यंत विषारी असतात. हे द्रव्य पेशीविभाजन रोखते. गाऊट या संधिविकारावर ते नियंत्रित मात्रेत दिले जाते, तर वनस्पतींची गुणसूत्रे दुप्पट करण्यासाठी पैदासकार 1937 पासून ते वापरत आले आहेत. कंद रताळे समजून खाल्ल्याने मृत्यू झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. शिजवल्याने विष नष्ट होत नाही. काही तासांनी घशात जळजळ, उलट्या व जुलाब सुरू होतात, पुढे अस्थिमज्जेवर परिणाम होतो आणि वाचलेल्या रुग्णाचे केस गळतात. लक्षणांची वाट न पाहता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून कंदाचा लेप लावण्याची जुनी प्रथा होती व कळलावी हे नाव तिच्याशी जोडले जाते. हा उपाय धोकादायक आहे. घरात ही वेल लावल्यास कळ, म्हणजे भांडण लागते, अशी लोकसमजूतही आहे. लहान मुले व गुरे यांच्यापासून तिला दूर ठेवण्यास ती नकळत उपयोगीच पडते.

संवर्धन

औषधी व्यापारासाठी रानातील कंद उपटले जात असल्याने ही वेल अनेक ठिकाणी विरळ झाली आहे. लागवडीसाठी कंद रोपवाटिकेतूनच घ्यावेत. याउलट ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांवर बागांतून निसटलेली कळलावी उपद्रवी तण ठरली आहे.